म्ह

पडद्यावर स्वतःचा गळा दिसला तेव्हा
सातगोंडा आप्पा खुर्चीतून पुढं झुकले.
दोन पांढुरक्या पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत.
"एवढ्याशाच?" असं त्यांना विचारायचं होतं.
ऐकू आला तो नुसता वारा.

उजवी हलत होती. डावी
उंबऱ्यात पसरलेल्या कुत्र्यासारखी,
उठायचं नाव नाही.

श्रावणात थायरॉइडची गाठ काढली,
गाठीबरोबर एक नस दुखावली.
मी कागदावर काढून दाखवली:
मेंदूपासून गळा वीतभर,
पण ही डावी सरळ येत नाही,
छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते
आणि मग पुन्हा वर चढते.
आप्पांनी कागद ओढून घेतला, खाली लिहिलं,
"गंगावेशीतनं रंकाळ्याला, शिरोली नाक्यावरनं?"
होय आप्पा. तस्संच.

पुस्तकात माझं काम सोपं आहे.
मिटलेल्या पट्ट्यांना खालून हवा धडकते,
त्या उघडतात, मिटतात, सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा,
आणि होते नुसती गुणगुण. शब्द अजून लांब असतो,
वर, जिभेच्या आणि टाळूच्या आणि ओठांच्या हातात.
क आणि ग तोंडात एकाच जागी अडतात,
फरक फक्त गळ्याला माहीत.
बोट ठेवा गळ्यावर, आप्पा. क. काही नाही.
आता ग. बोटाखाली भुंगा.
त्यांच्या बोटाखाली दोन्ही वेळा काही नाही.

दूध म्हणायला गेले की धूध.
बादली म्हणायला गेले की भादली.
वाक्य अर्ध्यात असताना हवा संपायची
आणि ते माझ्याकडं असे बघायचे
जसं मीच ती संपवलीय.
सून बरोबर यायची. म्हणाली,
पहाटे कट्ट्यावर जायला म्हशी सोडताना
आता टाळ्या वाजवत्यात.
टाळीनं कुठली म्हस यायला?

मान डावीकडं वळवा. हातांनी खुर्ची दाबा. आता आ.
दीड महिना हेच.
डावी तशीच पडून,
पण उजवी हळूहळू मधली रेघ ओलांडायला लागली,
रोज केसभर, तिच्या दारापर्यंत जायला.

एका मंगळवारी तक्ता मिटून मी म्हटलं,
आज काहीही बोला.
आप्पा बोलले: "म्हस."

स्वच्छ. भरलेला. बाहेरच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं.

मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसाच.
मग न्हाणी, मग ल्हान, मग म्हातारी,
मग व्हय, मग न्हाई.
म्ह म्हणताना पट्ट्या पुरत्या मिटायच्याच नसतात,
थरथरता थरथरता थोडी फट ठेवायची असते,
आणि फट तर आप्पांकडं होतीच.
चार वर्षं शिकले, बारा वर्षं शिकवतेय,
गळक्या गळ्यासाठी आपल्या बाराखडीत
अशी तयार खोली आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाडव्याला सागरमाळावर मला बोलावलं.
शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं, गळ्यात घुंगरं,
आणि पोरं मोटारसायकली रेटत, मागून म्हशी पळत.
आप्पांची मोरणी जागची हलेना.
त्यांनी मान डावीकडं वळवली, माझ्याकडं बघितलं नाही,
आणि हाक मारली.
मोरणी नव्हे. गळ्यातून निघालं "म्होरणीऽ".
तिनं एक कान फिरवला.
सावकाश, सगळ्यांसमोर, मुतली.
मग आली.

फाईलमध्ये "प्रगती" असा रकाना असतो.
त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.
परतताना रिक्षात मी गळ्यावर बोट ठेवलं
आणि हळूच म्हणून बघितलं, म्ह.
रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
"काय म्हटलासा, ताई?"